आधी बघ, मग मोज

डायलिसिसच्या कामात आज मला जे येतं, त्यातलं निम्मं मी एका फिलिपिनो नर्सच्या तळघरात शिकले, आणि तेही शिंपल्यांसमोर उभी राहून. आम्ही सगळे तिला आते म्हणायचो. फिलिपिनो घरांत थोरल्या बहिणीला अशी हाक मारतात. तिचं नाव मी इथे लिहिणार नाही. आपलं नाव छापून यावं हे तिला कधी रुचलं नाही, आणि जिच्याकडून एवढं घेतलं तिची एवढी इच्छा तरी पाळायलाच हवी. ऋण मात्र सांगायचं आहे. ते सांगायचं तर शिंपला घरात धडधाकट कसा ठेवायचा हे सांगावंच लागतं, कारण तिने मला जे दिलं ते त्या कामातूनच दिलं.

मी मूळची रत्नागिरीची. लग्नानंतर मिनियापोलिसला आले. इथून कुठल्याही समुद्राकडे जायचं म्हटलं तरी दीड-दोन हजार किलोमीटर. हिवाळ्यात तळी अशी गोठतात की माणसं त्यांवर गाड्या नेतात, बर्फाला भोक पाडतात आणि गळ टाकून बसतात. मला एका डायलिसिस सेंटरमध्ये टेक्निशियनचं काम मिळालं. आते तिथली सीनियर नर्स. नव्या माणसाला ती पहिल्या दिवशी पेशंटकडे नेत नसे. आधी पाण्याच्या खोलीत न्यायची.

त्या खोलीचं महत्त्व बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. चार तासांच्या एका डायलिसिसमध्ये पेशंटच्या रक्तापासून फक्त एका पातळ पडद्याच्या अंतरावरून सुमारे 120 लिटर पाणी वाहतं. आपण पितो ते पाणी आतडी पारखून घेतात. इथे पारखायला कुणी नाही. मिनियापोलिसचं पाणी मिसिसिपी नदीचं, ते निर्जंतुक ठेवायला त्यात क्लोरामाइन असतं. पिणाऱ्याला त्याने काही होत नाही, पण डायलिसिसच्या पाण्यात ते राहिलं तर रक्तातल्या लाल पेशी फुटतात. म्हणून पाणी आधी कार्बनच्या टाक्यांतून जातं, मग आरओमधून. प्रत्येक पाळीच्या आधी क्लोरीन तपासायचं, ते लिटरला 0.1 मिलिग्रॅमच्या आत आहे याची खात्री करायची, आणि मगच पहिला पेशंट खुर्चीत बसवायचा. तांब्याचा पाइप त्या लाइनवर चालत नाही, कारण तांबंही रक्तपेशींना घातक. हे सगळं समजावून झाल्यावर आते म्हणाली, "माझ्या घरीही असंच पाणी लागतं. ये एकदा बघायला."

तिच्या तळघरात एक लांबरुंद काचेची टाकी होती. आत खडक, त्यांवर गुलाबी-जांभळा थर, थोडी पोवळी, चार-दोन मासे, आणि तळाशी नि खडकांवर शिंपले. क्लॅम म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर तिसऱ्या होत्या. हे काही वेगळंच होतं. जाड, पन्हाळी पन्हाळी पडलेली दोन कवचं वरच्या बाजूला उघडी, आणि त्यांतून बाहेर पसरलेला मांसल काठ, ज्याला मँटल म्हणतात. एकाचा निळा, काळ्या ठिपक्यांचा. एकाचा हिरवट सोनेरी, त्यावर निळ्या रेघा. मी नीट बघायला पुढे वाकले, तसे सगळे एकदम आत ओढले गेले.

"तुझी सावली दिसली त्यांना," आते म्हणाली.

शिंपल्याला डोळे असतात हे मला तेव्हा कळलं. मँटलच्या काठाने बारीक बारीक शेकडो डोळे असतात. भिंग नसतं त्यांना, पण उजेड कमी झालेला कळतो, आणि वरून काहीतरी आलं एवढं समजून प्राणी अंग चोरतो. मी आतेला माझ्या आईचं सांगितलं. रत्नागिरीच्या बाजारात तिसऱ्या घेताना आई तोंड उघडलेल्या तिसरीवर बोटाने टिचकी मारायची. मिटली तर वाट्यात, नाही मिटली तर बाजूला. आतेला हे इतकं आवडलं की तिने माझा हातच धरला. "मग तुला अर्धं येतंच. सावली टाकायची आणि बघायचं. जो पटकन मिटतो तो बरा आहे. जो उशिरा मिटतो त्याच्याकडे लक्ष ठेवायचं. जो मिटतच नाही, त्याला वाचवायला बहुधा उशीर झालेला असतो."

त्या दिवसापासून मी तिची शिष्या झाले. शिकवायचं असं तिने कधी ठरवलं नव्हतं. सुटीच्या दिवशी ती टाकीचं काम करायची, मी शेजारी उभी राहून बादल्या भरायचे.

हे शिंपले ट्रायडॅक्ना या गटातले, हिंदी आणि पॅसिफिक महासागरांच्या प्रवाळ खडकांवरचे. त्यांतला सर्वांत मोठा गिगास चार फुटांवर वाढतो आणि त्याचं वजन 200 किलोच्या पुढे जातं. तो घरात ठेवायचा प्राणी नव्हे. घरच्या टाकीत डेरासा, स्क्वामोसा, मॅक्सिमा, क्रोशिया हे चार प्रकार जास्त दिसतात. आपल्या तिसऱ्या पाणी गाळून त्यातलं बारीकसारीक खातात. हेही गाळतात, पण त्यांचं खरं पोट मँटलमध्ये आहे. जठरापासून निघालेल्या बारीक नळ्यांचं जाळं मँटलभर पसरलेलं असतं आणि त्या नळ्यांत झूझँथेली नावाचं एकपेशी शेवाळ राहतं. शेवाळ उजेडावर साखर बनवतं आणि तिचा मोठा वाटा शिंपल्याला देतं. शिंपल्याच्या अंगातून निघणारा कार्बन डायऑक्साइड आणि अमोनिया शेवाळाच्या उपयोगी पडतो. मँटलचे जे रंग बघून माणूस वेडावतो, ते चमकणाऱ्या पेशींमुळे येतात. नको तो उजेड परतवायचा आणि हवा तो नळ्यांमध्ये खोलवर पसरवायचा हे त्या पेशींचं काम.

आतेने मला यातली एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली. शिंपल्याच्या पिलाकडे जन्मतः हे शेवाळ नसतं. पोहणारी अळी असताना ते पाण्यातून गिळावं लागतं, आणि गिळलेल्यातलं काही न पचता टिकून पुढे नळ्यांत वस्तीला जातं. हॅचरीत तर एखाद्या थोराच्या मँटलमधून शेवाळ काढून पिलांच्या पाण्यात सोडतात. ज्याला ते मिळालं नाही ते पिलू फार दिवस जगत नाही. ही माहिती मी तेव्हा माहिती म्हणूनच ऐकली. पुढे माझ्या हाताखाली नवी मुलं-मुली काम शिकायला आली, तेव्हा आते ती का सांगत होती ते उमजलं.

पाण्याचं मला चटकन कळलं, कारण सकाळी सेंटरमध्ये जे केलं तेच संध्याकाळी तळघरात. नळाचं पाणी कार्बन, आरओ आणि शेवटी रेझिनमधून काढून त्यात काही म्हणता काही उरू द्यायचं नाही, आणि मग मीठ कालवून समुद्र तयार करायचा. क्षारता 35, म्हणजे विशिष्ट गुरुत्व 1.026च्या आसपास. तापमान 25 ते 26 अंश. बाहेर उणे 20 असलं तरी टाकीतलं पाणी रत्नागिरीच्या जानेवारीतल्या समुद्राएवढं कोमट. मासे आजारी पडले म्हणून तांब्याचं औषध कधीही या टाकीत घालायचं नाही. माशाला वाचवणारं तांबं शिंपल्याला मारतं.

शिंपला रोज कवच बांधतो, त्यामुळे पाण्यातला चुना रोज संपतो. कॅल्शियम लिटरला 400 ते 450 मिलिग्रॅम, अल्कलिनिटी 8 ते 9 डीकेएच, मॅग्नेशियम 1300च्या जवळपास, असं ती धरून ठेवायची. त्यासाठी तिच्याकडे दोन वेगळ्या बाटल्या होत्या, एकीत कॅल्शियमचं द्रावण, दुसरीत बायकार्बोनेटचं. दोन्ही एकत्र ओतली तर लगेच खाली पांढरा साका बसतो, आणि मग ना कॅल्शियम मिळत ना अल्कलिनिटी. डायलिसिसच्या मशीनला म्हणूनच आम्ही दोन वेगळे जग जोडतो, ॲसिडचा एक नि बायकार्बचा एक. मशीनवर ते मी घोकून पाठ केलं होतं. तिच्या टाकीपाशी त्याचं कारण डोळ्यांनी बघितलं. तिने काचेच्या पेल्यात दोन्ही द्रावणं थोडी थोडी ओतली आणि पेला उजेडाकडे धरला. पाणी दुधाळ झालं, थोड्या वेळाने तळाशी पीठ. "हे पेशंटच्या लाइनमध्ये झालं तर?" एवढंच तिने विचारलं. त्या प्रश्नानंतर जगवरचं लेबल वाचल्याशिवाय मी कधी नळी जोडलेली नाही.

टाकीतून पाणी उडून जातं त्याची भर ती चुन्याच्या पाण्याने करायची. इकडचे लोक त्याला जर्मन नावाने ओळखतात. मी बघितलं तर ती आपली चुन्याची निवळी. माझी आजी मडक्यात कळीचा चुना विरघळवून ठेवायची आणि वरचं नितळ पाणी चमच्याने काढून मुलांना दुधातून द्यायची. आतेच्या तळघरात तेच नितळ पाणी थेंबाथेंबाने टाकीत पडत होतं, रात्रीच्या वेळी, कारण निवळी फार क्षारीय असते आणि रात्री टाकीचा पीएच उतरलेला असतो. खालचा गाळ हलवायचा नाही, घाई करायची नाही. हे आजीचेही नियम होते. मी ते सांगितल्यावर आते निवळीच्या पिंपावर मला अधिकार देऊन मोकळी झाली.

उजेडाच्या बाबतीत ती फार कडक होती. मॅक्सिमा आणि क्रोशिया हे उथळ पाण्यातले, त्यांना दिव्याखाली उंचावर जागा. डेरासा आणि स्क्वामोसा कमी उजेडात भागवतात, त्यांची जागा खाली. पण नवा शिंपला कुठलाही असो, तो आधी तळाशी. तिथे त्याने अंग पसरलं, कडेला कवचाची नवी पांढरी रेघ दिसू लागली, की मग हळूहळू वर. मँटल नको इतकं ताणून उजेडाकडे झेपावत असेल तर उजेड कमी पडतोय. मधोमध फिका पडत असेल तर उजेड नाहीतर उष्णता सोसवत नाहीये. आणि पाणी अगदीच निर्मळ ठेवायचं वेड घ्यायचं नाही. शिंपल्याला थोडं नायट्रेट लागतं, ते त्याच्या शेवाळाचं खत. म्हणून आते माशांना पोटभर खायला घालायची. माशांच्या मलमूत्रावर शिंपल्याचा रंग टिकतो, असं ती म्हणायची, आणि तिच्या टाकीकडे बघून ते पटायचं.

पाण्याची तपासणी ती नियमाने करायची, वहीत लिहायची. पण किट हातात घ्यायच्या आधी ती टाकीसमोर स्टुलावर बसायची. चहा घेऊन बसायची आणि बघायची. कुणाचं मँटल काठापर्यंत आलंय, कुणाचं एका बाजूला मागे राहिलंय, पाणी आत घ्यायचं भोक काल फटीएवढं होतं ते आज वासून पडलंय का. आधी बघ, मग मोज, हे तिचं नेहमीचं वाक्य. ती म्हणायची, आकडा हाती आला की माणूस बघायचं सोडून देतो. आकडे बरोबर आहेत म्हणजे जीव बरा आहे, असं त्याला वाटू लागतं. शिंपला ओरडत नाही, पळत नाही, तडफडतही नाही. तो फक्त थोडा कमी उघडतो. तेवढं ज्याला दिसतं त्यानेच शिंपला पाळावा.

एकदा निळ्या मॅक्सिमाचं तसं झालं. सगळे आकडे जागेवर, दिवा ठीक, कुणी मासा टोचत नव्हता, तरी तो एका कडेने आखडलेला. आतेने मला रात्री बोलावलं. दिवे बंद होऊन बराच वेळ झालेला होता. तिने लाल टॉर्च लावला आणि कवचाच्या ओठाशी धरला. तिथे तांदळाच्या दाण्याएवढ्या पांढऱ्या गोगलगाई ओळीने बसलेल्या होत्या. पिरॅमिडेलिड म्हणतात त्यांना. दिवसा त्या शिंपल्याच्या बुडाशी, कवचाच्या पन्हाळींमध्ये दडून राहतात, आणि रात्री वर येऊन मँटलच्या काठात सोंड खुपसून रस शोषतात. एकदोन असल्या तर शिंपला निभावून नेतो, पण त्यांची वीण भराभर वाढते आणि लहान शिंपला त्यात संपतो.

आतेने बाह्या वर केल्या. शिंपला एका चपट्या दगडावर बसलेला होता, तो दगडासकट उचलून तिने टाकीच्याच पाण्याच्या टोपात ठेवला. नरम टूथब्रश घेऊन कवचाची एकेक पन्हाळ ती खालून वर घासू लागली. मऊ पारदर्शक जेलीचे ठिपके दिसले की ती थांबायची, मला दाखवायची. "ही अंडी. गोगलगाई सगळे काढतात, अंडी राहू देतात, आणि मग म्हणतात परत कशा आल्या." बुडाकडे गेल्यावर तिचा हात आणखी हळू झाला. तिथे शिंपल्याचा पाय असतो आणि त्यातून निघालेले बिससचे धागे दगडाला घट्ट धरून असतात. ते धागे उपटायचे नाहीत. ओढले तर आतली ग्रंथी फाटते, वरून काही दिसत नाही आणि काही दिवसांत शिंपला जातो. हलवायचाच झाला तर दगडालगत पातीने धागे कापायचे. ते नवे येतात. नाहीतर, आतेसारखं, तो लहान असतानाच त्याच्याखाली एक फरशी सरकवून ठेवायची, म्हणजे पुढे फरशीसकट उचलता येतो. पुढे बऱ्याच रात्री ती टॉर्च घेऊन खाली उतरत राहिली. मॅक्सिमा पुन्हा काठोकाठ पसरला तेव्हा तिने मला फोन करून सांगितलं, आणि तिचा आवाज पेशंटची शुद्ध परत आल्यावर व्हायचा तसा झालेला होता.

माझ्या कामात याचा उपयोग कुठे झाला, ते सांगते. डायलिसिस चालू असताना पेशंटचा रक्तदाब अचानक उतरतो, ही रोजची भीती. मशीन ठरावीक वेळाने दाब मोजतं, पण दोन मोजण्यांच्या मध्ये तो कोसळू शकतो. एक वयस्कर गृहस्थ आमच्याकडे नेमाने यायचे, बसल्यापासून उठेपर्यंत बोलत राहायचे. एकदा ते बोलता बोलता गप्प झाले आणि त्यांनी जांभई दिली. मग दुसरी. मशीनवरचा आकडा चांगला होता, नुकताच घेतलेला. माझ्या मनात आलं, हे कमी उघडलेत. मी नर्सला हाक मारली, तिने मशीनचं पाणी काढणं थांबवून त्यांचे पाय वर घेतले, आणि पुन्हा दाब घेतला तेव्हा तो बराच खाली आलेला होता. सलाइन गेलं, ते सावरले, पुन्हा बोलू लागले. दाब उतरायच्या आधी जांभया येतात हे पुस्तकात असतं, मी ते वाचलेलंही होतं. पण बोलणारा माणूस गप्प झालाय, हे दिसायला तळघरातलं स्टूल लागलं.

संध्याकाळी मी आतेला हे सांगितलं. तिने शाबासकी दिली नाही. "त्यांच्या घरचं आज कोण आलं होतं?" असं विचारलं, आणि त्यांच्या मुलीला मीच फोन करून कल्पना द्यावी असं सुचवलं. तिचं शिकवणं असं पुढे पुढे जाणारं होतं.

आते लुझॉनच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या बोलिनाओची. पांगासिनान प्रांतातलं हे गाव. लहानपणी तिने गिगासची कवचं सगळीकडे बघितली होती, चर्चच्या दाराशी पवित्र पाण्यासाठी आणि लोकांच्या अंगणात डुकरांच्या खाण्यासाठी. जिवंत गिगास मात्र तिने पाहिला नव्हता. मांसासाठी आणि कवचासाठी ते इतके काढले गेले की फिलिपिन्सच्या बहुतेक किनाऱ्यांवरून ते नाहीसे झाले. तिच्याच गावी फिलिपिन्स विद्यापीठाची सागरी प्रयोगशाळा आहे. तिथे 1980च्या दशकात एडगार्डो गोमेझ या शास्त्रज्ञाच्या पुढाकाराने बाहेरून बीज आणून गिगास वाढवायला सुरुवात झाली, आणि मोठे झालेले शिंपले देशभरच्या खडकांवर नेऊन ठेवले गेले. गोमेझ 2019 साली वारले. 1980च्या दशकातच पलाऊ बेटांवर जेराल्ड हेस्लिंगा यांनी डेरासाची मोठ्या प्रमाणावर पैदास यशस्वी केली. घरच्या टाक्यांसाठी शेतीतले शिंपले मिळू लागले ते अशा कामांमुळे. आते शिंपला घेताना दुकानदाराला पहिला प्रश्न हाच करायची, की हा शेतीतला की समुद्रातून खरवडून आणलेला. उत्तर धड मिळालं नाही तर रिकाम्या हाताने परत. शिवाय दोन इंचांहून लहान घ्यायचा नाही, एवढी लहान पोरं प्रवासाने खचतात. तळाशी पांढरी, न फाटलेली धाग्यांची जुडी असलेलाच घ्यायचा.

भारतात हे शिंपले लक्षद्वीप आणि अंदमान-निकोबारला आहेत आणि वन्यजीव कायद्याने त्यांना वाघाच्या बरोबरीचं संरक्षण आहे. त्यामुळे तिकडे कुणी घरी ठेवायचा विचारही करू नये. उथळ पाण्यात मास्क लावून वरून बघावेत, आणि आपली सावली त्यांच्यावर पडली की ते कसे मिटतात ते पाहून यावं.

निवृत्त झाल्यावर आते बोलिनाओला परत जायचं म्हणू लागली. टाकीतलं बाकी सगळं तिने ओळखीच्यांना वाटलं. डेरासा माझ्यासाठी ठेवला होता. तिच्याकडे तो बोटभर असताना आला होता आणि आता वीतभराच्या पुढे गेलेला. त्याच्याखाली फरशी होती. ती उचलताना मला म्हणाली, "हा आला तेव्हाच ठरवलं होतं, हा माझ्याजवळ संपायचा नाही. म्हणून फरशी मोठी घातली." डेरासा दोन फुटांपर्यंत वाढू शकतो आणि दशकानुदशकं जगतो. विकत घेणाऱ्याच्या हौसेपेक्षा त्याचं आयुष्य मोठं असतं, हे तिने पहिल्या दिवशीच हिशेबात धरलं होतं. बर्फ पडत होतं. थर्माकोलच्या खोक्यात तिच्या टाकीचं पाणी भरलं, गाडी आधी तापवून ठेवली आणि शिंपला हवा न लागता माझ्या घरी आणला. माझी टाकी तिने आधी येऊन तपासलेली होती. तपासायची पद्धत तीच, आधी बसून बघणं, मग किट.

पैशाचा विषय मी काढला तेव्हा तिने हातानेच गप्प केलं. तिच्या गावाकडे असं घेतलेलं चुकतं करायला जाणं म्हणजे नातं तोडायला जाणं समजतात, असं ती म्हणाली. आपल्याकडेही माहेरहून आलेल्या डब्याचे पैसे कुणी विचारत नाही.

आता ती बोलिनाओला आहे. तिच्या गावापासून जवळ अलामिनोसला शंभर बेटांचं राष्ट्रीय उद्यान आहे, तिथे प्रयोगशाळेत वाढलेले शिंपले समुद्रात ठेवलेले आहेत. ती भाच्यांबरोबर होडीतून बघून आली. फोनवर मला म्हणाली, "इथे त्यांना मला काहीच द्यावं लागत नाही. ना उजेड, ना चुना, ना मीठ." तिच्या बोलण्यात सुख होतं. आयुष्यभर काचेच्या मागे ज्याची सेवा केली, तो प्राणी आपल्या घरी, आपल्या पाण्यात आहे, याचं ते सुख होतं.

सेंटरमध्ये आता पाण्याची खोली नव्या लोकांना मी दाखवते. पेल्यात दोन द्रावणं ओतून दाखवते. त्यांना खुर्चीसमोर उभं करते आणि मशीनकडे पाठ करून विचारते, पेशंटमध्ये मघापेक्षा काय बदललंय? ज्यांना आवड आहे ते घरी येऊन डेरासा बघतात, आणि त्यांतली एक मुलगी तो पुढे सांभाळेल असं माझ्या मनात पक्कं आहे. तिला मी आताच फरशीखाली हात कसा घालायचा ते शिकवलंय.

आपल्याकडे गाणारी माणसं गुरूचं नाव घेताना कानाच्या पाळीला हात लावतात. मला नाव घ्यायची मोकळीक नाही, म्हणून मी काम सांगते. तुम्ही कुठे परदेशात असाल आणि घरी क्लॅम ठेवायचा तुमचा विचार असेल, तर शेतीतला, तीन इंचांच्या पुढचा डेरासा घ्या. पाणी कोरं करून मगच त्यात मीठ घाला. कॅल्शियम आणि बायकार्बोनेट कधी एकत्र ओतू नका. तो लहान आहे तोवरच त्याच्याखाली फरशी घाला, कारण तो तुमच्यानंतरही कुणाकडे तरी जायचा आहे. रात्री टॉर्च घेऊन खाली वाका. रोज किटच्या आधी स्टुलावर बसा. आणि हे सगळं कुठे शिकलात असं कुणी विचारलं, तर सांगा, मिनियापोलिसमध्ये एक नर्स होती, तिच्याकडून आलंय.